डावीकडे ओढणारी डाकोटा

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, आणि डाकोटा विमानाची गाठ पडली ती त्यांच्या विशीत. साताऱ्याजवळच्या एका गावातून ते हवाई दलात भरती झाले, इंजिन फिटर म्हणून. दोन पंख्यांची, माणसं आणि लष्करी सामान वाहणारी ती विमानं तेव्हाच म्हातारी झाली होती. त्यांची इंजिनं उघडायची, धुवायची, पुन्हा जोडायची आणि मग कॉकपिटमध्ये बसून जागच्या जागी चालवून बघायची, हे अण्णांचं काम. तिथून सुटल्यावर ते पिंपरीच्या एका कारखान्यात लागले आणि निवृत्तही तिथूनच झाले. पण कुणी "नोकरीत असताना" असं म्हटलं की अण्णांना ती पहिलीच नोकरी आठवायची.

"इंजिन चालू करायला मला बोलवायचे," ते सांगायचे. "चाकं जमिनीवरून उचलली की मग ते काम पायलटचं."

त्यात तक्रार नसायची. पण लहानपणापासून इतक्यांदा ऐकल्यामुळे असेल, मला त्यात थोडी ऐकू यायची.

विमानांचं वेड माझ्यात आलं ते त्यांच्याकडूनच. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. दिवसभर ब्रेकचे भाग मोजायचे, चुकलेले बाजूला काढायचे, का चुकले ते शोधायचं. घरी आल्यावर मात्र मी संगणकावर विमान उडवते. आमच्या सांगवीच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या कोपऱ्यात टेबल आहे. त्यावर मोठा स्क्रीन, विमानात असतं तसलं अर्धवट गोल चाक, खाली पायाशी दोन पेडल. पाहुणे आले की आई संकोचून सांगते, "तिचं विमान आहे ते." बाहेरचे लोक त्याला गेम म्हणतात. आम्हा उडवणाऱ्यांना ते आवडत नाही, आम्ही सिम्युलेटर म्हणतो.

त्यातल्या प्रत्येक विमानामागे एक फाइल असते आणि त्या फाइलीत नुसते आकडे. एका आकड्यावर ठरतं की तेल किती वेळात तापणार, दुसऱ्यावर ठरतं की शेपटीखालचं छोटं चाक किती सैल फिरणार. आकडा बदला, विमानाचा स्वभाव बदलतो. मला उडवण्याइतकाच ह्या आकड्यांचा नाद आहे. मी विकत घेतलेली डाकोटा फारच गरीब स्वभावाची होती. खरी डाकोटा धावपट्टीवर वेग घेताना नाक डावीकडे ओढते, कारण दोन्ही पंखे एकाच दिशेनं फिरतात. वेळेवर उजवा पाय दाबला नाही तर ती सरळ गवतात शिरते. जुन्या पायलटांनी लिहून ठेवलेलं वाचून, कितीतरी रविवार घालवून, तो खट्याळपणा मीच तिच्यात घातला होता. मला त्याचा अभिमान होता.

अण्णा तेव्हा सोफ्यावरून बघायचे. इंजिन सुरू होईपर्यंत थांबायचे, एकेक सिलिंडर पेटून धूर निघाला की मान डोलवायचे आणि पेपर उचलायचे. बसा म्हटलं तर हसून म्हणायचे, "मी फिटर. ते तुझं."

मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर अण्णांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून हातपाय बरेचसे परत आले. डावा हात थोडा ढिला राहिला, एवढंच. आम्ही देवाचे आभार मानत घरी आलो आणि मग एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. अण्णा दाढी करून बाहेर यायचे ती फक्त उजव्या गालाची. चपलेत फक्त उजवा पाय घालून चालायला लागायचे. जेवायला बसले की म्हणायचे, "आज चटणी केली नाहीस?" चटणी असायची. मीठ, लिंबू, कोशिंबीर सगळं असायचं, ताटाच्या डाव्या बाजूला. आई ताट फिरवायची आणि अण्णा म्हणायचे, "आता वाढलीस होय."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोळे चांगले आहेत, पण मेंदू डाव्या बाजूची दखल घेत नाही. आणि आपण दखल घेत नाही, हे त्यांना कळतही नाही. हळूहळू सुधारेल, डावीकडे बघायची सवय लावावी लागेल. तोवर गाडी बंद.

गाडी म्हणजे त्यांची जुनी स्कूटर. तिची किल्ली आईनं देवघराच्या खणात ठेवली. अण्णांनी वाद घातला नाही. ते फक्त गप्प होत गेले. सकाळी दूध आणणं, देहूरोडला जुन्या दोस्ताकडे जाऊन बसणं, सगळं त्या स्कूटरवर होतं. आता ते बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचे, तीही उजव्या कोपऱ्यात.

एका रविवारी सकाळी त्यांनी आपणहून म्हटलं, "चालू कर बघू तुझं ते."

मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं. इंजिन सुरू करताना मला काही सांगावं लागलं नाही. पंप, स्टार्टर, इंधन-हवेचं मिश्रण, सगळं त्यांच्या ओठांवर होतं. एकदोन ठिकाणी ते चुकलेही, एक दांडा नाहीच म्हणून हटून बसले, तो डावीकडे होता. मी हळूच दाखवला. दोन्ही इंजिनं लागली आणि अण्णांच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांत न दिसलेलं काहीतरी आलं.

"आता काय करायचं?" त्यांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा ते त्यापुढे निघाले होते.

"आता उडायचं."

विमान धावायला लागलं, नाक डावीकडे वळायला लागलं आणि अण्णांनी काहीच केलं नाही. धावपट्टीची कड सरकत आली, गवत आलं, विमान आडवं झालं. त्यांना ते कळलं तेव्हा स्क्रीनवर सगळं संपलेलं होतं.

"उजवा पाय दाबा अण्णा. नाक जाताना दिसलं की लगेच."

"दाबला की."

दाबला नव्हता. उजवा पाय चांगला धडधाकट होता, पण नाक डावीकडे जातंय हे दिसल्याशिवाय तो दाबणार कसा? त्यांनी पुन्हा केलं, पुन्हा गवतात गेले. मग पुन्हा. शेवटी चाक सोडून दिलं.

"बिघाड आहे तुझ्या विमानात," ते म्हणाले. जरा वेळानं म्हणाले, "नाहीतर माझ्यात असेल." आणि भर दिवसा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. जेवायला उठले नाहीत.

मी ती फाइल उघडली तेव्हा ते आत झोपलेलेच होते. डावीकडे ओढण्याचे जे चार-पाच आकडे होते ते मी शून्य केले. शेपटीचं चाक घट्ट केलं. वारा बंद केला. फार तर चहा होईल एवढा वेळ लागला असेल. जी गोष्ट घालायला मला महिने लागले होते ती काढायला काहीच लागलं नाही.

संध्याकाळी मी त्यांना उठवलं. "अण्णा, खरंच बिघाड होता. दुरुस्त केलाय. या."

त्या संध्याकाळी अण्णांनी डाकोटा उडवली. रेषेवर ठेवल्यासारखी सरळ धावली आणि उचलली. खाली मुळा-पवनेचा संगम, पलीकडे कारखान्यांची पांढरी छपरं, दूर मावळातले डोंगर. आई स्वयंपाकघराच्या दारात हातातलं लाटणं तसंच धरून उभी होती.

"अगं, बघ," अण्णा तिला म्हणाले. "बघ, वर आहे मी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा मला वाटलं की ते आनंदाचंच आहे.

त्यानंतर ते रोज उडवायला लागले. मी कंपनीतून येईपर्यंत थांबायचे, कारण संगणक मी चालू करून द्यायची. सदरे इस्त्री करून घालायला लागले. फोनवर आवाज चढला. आई एकदा भांडी लावता लावता म्हणाली, "तू त्यांना माणसात आणलंस गं." मी भांडी पुसत राहिले. सांगायचं तर त्याच क्षणी सांगायला हवं होतं, निदान तिला. पण तिचा चेहराही बऱ्याच दिवसांनी सैल झाला होता.

आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट यायची, तरुण आणि चटपटीत मुलगी. अण्णांनी तिला विमान दाखवलं. ती खूश झाली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "हे फार छान सुरू केलंय तुम्ही. डावीकडे लक्ष ठेवावं लागत असेल ना ह्यात?"

"हो," मी म्हणाले.

हा एक शब्द मला अजून टोचतो. कारण तिनं विचारलं आणि मला लख्ख कळलं की मी काय केलंय. त्या विमानात अण्णांना रोज डावीकडे बघायला लावणारी एकच गोष्ट होती, आणि मी तीच काढून टाकली होती. तरी मी हो म्हणाले. मनाशी ठरवलं की आकडे थोडे थोडे वाढवत नेऊ, त्यांना कळणारही नाही. एकदा वाढवून पाहिलेही. विमान जरासं सरकलं, अण्णांच्या कपाळावर आठी आली, आणि मी दुसऱ्या दिवशी ते पुन्हा शून्यावर नेले.

देहूरोडचे त्यांचे दोस्त एकदा चहाला आले. हवाई दलात दोघं एकत्र होते. अण्णांनी त्यांना शेजारी बसवून विमान उडवून दाखवलं. दोस्तांनी पाठ थोपटली. "राव, तू तर कॅप्टन झालास!" मग बशीत चहा ओतत म्हणाले, "पण डाकोटा एवढी सरळ कधी पळायची रे? पायलट लोक तर शिव्या द्यायचे तिला."

"हाताला सवय लागते," अण्णा ऐटीत म्हणाले.

दोस्तांनी माझ्याकडे पाहिलं. मी बिस्किटं आणायला आत गेले.

उन्हाळा लागता लागता अण्णांनी विषय काढला. मी दुसऱ्या दिवसाच्या ऑडिटची तयारी करत होते. ते म्हणाले, "आता स्कूटरला हरकत नाही."

"डॉक्टरांना विचारू ना अण्णा."

"डॉक्टरांना काय विचारायचं? एवढं टनावारी धूड मी सरळ रेषेत पळवतोय. स्कूटर म्हणजे काय घेऊन बसलीस?"

मी हसले. म्हणाले, "बघू." ह्याच्यापेक्षा जास्त काही बोलले नाही. लॅपटॉपमधून मान वर करून मी एवढंच म्हटलं असतं, की अण्णा, ते विमान सरळ पळतं कारण ते तसंच बनवलंय, तर पुढचं काही झालं नसतं. मला ते त्या वेळीही माहीत होतं. पण त्यांचा चेहरा पडलेला मला बघवला नसता, आणि समोर ऑडिट होतं.

दोनच दिवसांनी सकाळी मी डबा भरत होते, आई आंघोळीला गेली होती. खालच्या दुकानदाराचा फोन आला. "ताई, कोपऱ्यावर या लवकर. काकांनी कुणाला तरी उडवलंय."

मला वाक्य समजलंच नाही. अण्णा तर घरातच होते, असं मी धरून चालले होते. मग देवघराचा खण उघडा दिसला.

कोपऱ्यावर चाकणकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बस थांबतात. पहिल्या पाळीच्या बायका-पोरी रांगेनं उभ्या असतात, गळ्यात ओळखपत्रं आणि तोंडाला स्कार्फ. स्कूटर आडवी पडली होती. एक दुधाची पिशवी फुटून दूध डांबरावर पसरलं होतं. अण्णा उभे होते, कोपर खरचटलेलं, बाकी काही नाही. आणि फुटपाथच्या कडेला एक बाई पाय धरून बसली होती, असेल तिशीची. तिचा स्कार्फ सुटला होता. तिच्या बसनं थोडा वेळ थांबून हॉर्न दिला, मग ती निघून गेली. बाई त्या बसकडे बघत होती.

"ही एकदम डावीकडून आली," अण्णा मला म्हणाले.

"मी कुठं आले काका?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात मराठवाड्याचा हेल होता. "मी तर उभीच होते."

मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. घोट्याचं हाड मोडलं होतं, प्लास्टर पडलं. ती परभणीकडची, सासरही तिकडचंच, इथं दोन मैत्रिणींबरोबर जुन्या सांगवीत खोली घेऊन राहणारी, चाकणच्या एका कंपनीत ठेकेदारामार्फत लागलेली. माझ्याच रस्त्यावरची कंपनी. रोज आमच्या बसच्या खिडकीतून दिसणारी. पोलिसात जायचं का, असं दवाखान्यातल्या माणसानं विचारलं तेव्हा तीच म्हणाली, "नको. म्हातारं माणूस आहे. घरी आई-बाप मलाही आहेत." खर्च आम्ही करणार हे मी सांगितलं. तिनं मान हलवली आणि फोन काढून सुपरवायझरला कळवायला लागली. आवाज अगदी बारीक करून ती त्याला पुन्हा पुन्हा म्हणत होती, "येते ना सर, बरं झालं की लगेच येते."

घरी अण्णा येरझाऱ्या घालत होते. आई रडून झालेली होती.

"बघून चालत नाहीत ही पोरं," अण्णा म्हणाले. "तोंडाला फडकं बांधलेलं, फोनमध्ये बघत असेल."

"अहो, तुम्हाला दिसली नसेल," आई म्हणाली. "डॉक्टर म्हणाले होते ना."

"ते झालं तेव्हाचं! माझी नजर अधू असती तर मी विमान सरळ नेलं असतं का?" आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तू सांग तिला. तू रोज बघतेस."

आईनंही माझ्याकडे पाहिलं. "हो गं? विमान तर नीट चालवतात ते."

मी म्हणाले, "आत्ता राहू दे. कोपर धुऊ आधी." कापूस आणि डेटॉल आणायला गेले आणि बाथरूममध्ये नळ सोडून उभी राहिले.

तीनचार दिवस मी तिच्या खोलीवर जात राहिले. डबा न्यायचे, औषधं न्यायचे. खोलीत तिघींच्या तीन गाद्या, एक गॅस, खिडकीत तुळस. मैत्रिणी पाळीवर गेल्या की ती एकटीच असायची. ती माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. ती विचारायची, "काकांचं कोपर कसंय?" ठेकेदारानं तिच्या जागी दुसरी लावली हे तिनं मला सांगितलं नाही, मैत्रिणीनं सांगितलं.

एकदा ती आपणहून बोलली. "ताई, काका माझ्याच दिशेनं येत होते. तोंड समोर होतं त्यांचं. हॉर्न नाही, ब्रेक नाही. मला वाटलं ओळखीचे आहेत, थांबतील आता."

मी डबा उघडून तिच्यापुढे ठेवला.

"मला बाकी काही नको. फक्त मी मधे आले असं नका म्हणू. तो दुकानवाला पण तेच सांगतोय सगळ्यांना. काकांनी सांगितलं म्हणं त्याला. माझ्या सासरी पोचलं ते. तिथं म्हणतात, हिचंच लक्ष नसतं."

परतताना मी नदीवरच्या पुलाच्या अलीकडे बराच वेळ थांबले.

त्या रविवारी मी फाइल उघडली आणि माझे जुने आकडे परत घातले. सगळे. मग अण्णांना म्हटलं, "एकदा उडवून दाखवता?"

त्या घटनेनंतर त्यांनी विमानाला हात लावला नव्हता. मी बोलावलं ह्याचाच त्यांना आनंद झाला. लगबगीनं आले, बाह्या सरसावल्या. आपल्या बापाला आपण असं बोलावून आणतोय, हे मला सहन होत नव्हतं, तरी मी बाजूची खुर्ची ओढून बसले.

इंजिनं लागली. विमान धावलं. नाक डावीकडे गेलं. अण्णा समोर बघत होते, शांत, आत्मविश्वासानं, आणि विमान गवतात गेलं.

"हे काय?" ते म्हणाले. पुन्हा केलं. पुन्हा तेच. "आतापर्यंत तर ठीक होतं हे. आता काय झालं ह्याला?"

"अण्णा, आता ते ठीक आहे. आधी नव्हतं."

मग मी सगळं सांगितलं. कोणते आकडे, कशासाठी, कधी. बोलताना मी त्यांच्याकडे न बघता स्क्रीनकडे बघत होते. गवतात पडलेल्या विमानाचं एक इंजिन अजून चालू होतं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या संध्याकाळपासून."

"म्हणजे मी एकदाही..."

"एकदाही नाही अण्णा."

अण्णांनी हात पुढे करून इंजिन बंद केलं. म्हणाले, "आम्ही एक नट बदलला तरी पायलटला सांगायचो. का सांगायचो? त्याला राग येऊ दे, पण त्याला माहीत पाहिजे आपण कशात बसलोय."

आई दारातून म्हणाली, "तुम्हाला बरं वाटावं म्हणून केलं हो तिनं."

"वाटलं ना," अण्णा म्हणाले. "खूप बरं वाटलं." आणि उठून आत गेले. जाताना डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटला. ह्या वेळी ते थांबले, मान वळवून चौकटीकडे पाहिलं, तिला हात लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मला त्या पोरीकडे ने." मी त्यांच्या डाव्या बाजूनं चालले. तिच्या खोलीच्या दारात त्यांनी चपला काढल्या, बसले नाहीत.

"पोरी, तू मधे आली नाहीस. तू उभी होतीस. मला डावीकडचं दिसत नाही आणि तरी मी गाडी काढली. चूक माझी आहे."

ती गोंधळली. प्लास्टरचा पाय सरकवत म्हणाली, "बसा ना काका, चहा करते मैत्रीण."

येताना ते दुकानापाशी थांबले आणि चार गिऱ्हाइकांसमोर, नको इतक्या मोठ्या आवाजात, दुकानदाराला तेच सांगितलं. तिच्या सासरचा नंबर मागून घेऊन तिथंही फोन केला. स्कूटर एका मेकॅनिकला देऊन टाकली. ह्या सगळ्यात त्यांनी माझं नाव कुठंही घेतलं नाही. मीही घेतलं नाही. तिचा पाय बरा झाला, तिला मोशीकडच्या एका कंपनीत काम मिळालं, आणि तिनं मला निरोप पाठवला, "ताई तुमच्यासारखं कोणी करत नाही." तो मी उघडला आणि उत्तर म्हणून नुसते जोडलेले हात पाठवले. तिला मी आजवर खरं सांगितलेलं नाही. सांगून तिचं काय भलं होणार, असं स्वतःला समजावते, आणि मला कळतं की मी पुन्हा तेच करतेय.

फिजिओथेरपिस्टला मात्र सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "आता खरं विमान वापरू." तिनं स्क्रीनच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली. आधी पट्टी शोधायची, मग धावपट्टी, मग पुन्हा पट्टी.

अण्णा बरेच आठवडे त्या खुर्चीकडे फिरकले नाहीत. पाऊस ओसरल्यावर एक दिवस येऊन बसले. आता आठवड्यातून दोनतीनदा बसतात. बहुतेक वेळा विमान गवतातच जातं. मी शेजारी बसते आणि काही बोलत नाही, हे मला अजून फार जड जातं. जेवताना चटणी मात्र त्यांना आता कधीकधी आपसूक सापडते.

मागच्या आठवड्यात त्यांची मान वेळेवर वळली, उजवा पाय वेळेवर दाबला गेला, आणि डाकोटा वेडीवाकडी का होईना, उचलली. आई बाहेर आली. मी टाळी वाजवणार होते.

अण्णांनी चाक धरूनच माझ्याकडे पाहिलं. "काही बदललं नाहीस ना?"

"नाही अण्णा."

"नक्की?"

"नक्की."

ते पुन्हा पुढे बघायला लागले. आता हे दर वेळी होतं. ते विचारतात, मी सांगते, आणि त्यांचा विश्वास बसतो की नाही ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नाही.